मुर्रीच्या दोन खोल्या

बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणारी पोरं जास्त भाडं देतात, जुना भाडेकरू काढा, असा सल्ला दलालानं ओमेश्वर गुरुजींना दिला. मुर्रीच्या त्यांच्या दोन खोल्यांत यशोदाबाई नवऱ्यासोबत नऊ वर्षं राहत होती. तिला खरं सांगायची गुरुजींना लाज वाटली. "आमच्या टिकेशचं लग्न जमलं, त्याले खोल्या लागून राहिल्या," ते म्हणाले. मुलासाठी त्यांनी अजून मुलगीही पाहिली नव्हती. यशोदाबाईनं आठ दिवसांत खोल्या रिकाम्या केल्या.

दोन महिन्यांनी ती गुरुजींच्या दारात आली. हातात नवी साडी आणि खण-नारळ होता. गुरुजींना मान वर करता येईना.

"पत्रिका पोचली नसन, गुरुजी. सूनबाईले बोलावा, ओटी भरून जातो."