फलकावरचं नाव

२०१९ सालच्या मे महिन्यात भीमा गायकवाडला ग्रामपंचायतीच्या दारात मारलं, तेव्हा विठाबाई घरात भाकरी थापत होती. नवऱ्याची किंकाळी ऐकून ती पिठाच्या हातांनीच धावली.

भीमा एमआयडीसीतली रात्रपाळी उरकून सायकलवर कुंभारीमार्गे गावात शिरला होता. रात्रभर टॉवेलच्या मागावर उभा राहिलेला माणूस. सरपंचाचा गडी बसू यानं त्याला सायकलवरून खाली ओढलं. सरपंच दिग्विजय फलकाखाली उभा होता.

"वाच. मोठ्यानं वाच. तुझंच नाव हाय की."

फलकावर ग्रामसेवकानं खडूनं लिहिलं होतं : 'भीमा गायकवाड यांनी पाण्याच्या टाकीच्या बांधकामाची माहिती मागितली आहे.' कारभार पारदर्शक हवा, कुणी काय विचारलं ते गावाला कळायला हवं, असं वरून आलं होतं म्हणे. टाकी कुणी बांधली, हे मात्र त्या फलकावर कधी लिहिलं गेलं नव्हतं.

ती टाकी होळीच्या आठवड्यात कोसळली. खाली अंकिता होती. भीमा-विठाबाईची एकुलती एक, सोळा वर्षांची. सरपंचाच्या आईची, सोनाबाईची, पितळी घागर भरून द्यायला गेली होती. पोरगी ओळखू आली ती पैंजणावरून.

"म्या न्हाई केला अर्ज, सरपंच," भीमा म्हणाला. "लेकीची आण."

"लेक कुटं राहिलीय तुझी आण घ्यायला?" बसू हसला आणि त्यानं लोखंडी पाइप उगारला.

ओला बांबू पिचावा तसा गुडघ्याचा आवाज झाला. विठाबाईनं नवऱ्यावर अंग टाकलं. बसूनं केस धरून तिला बाजूला फरफटवलं. तिनं त्याचं मनगट दातात धरलं, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. तेवढ्यात दिग्विजयनं पाइप स्वतःच्या हातात घेतला.

"माहिती पायजे व्हय? घे माहिती. आनी घे."

शब्दागणिक एक घाव. भीमाचे दात धुळीत पडले. पारावर माणसं होती, दुकानात माणसं होती. कुणी हललं नाही.

समोरच्या घरातून सोनाबाई अनवाणी धावत आली. सारा गाव तिला आक्का म्हणायचा. तिनं लेकाच्या हातातला पाइप पाहिला, भीमाला पाहिलं, मग फलक वाचला. पुन्हा वाचला. आणि होती तिथंच मातीत बसली.

"दिग्या, काय केलंस रं हे?"

"आई, तू घरात जा."

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात भीमाचा पाय गुडघ्यातून कापला. तिसऱ्या दिवशी आक्का डबा घेऊन आली. विठाबाईनं तो भिंतीवर भिरकावला.

"तुमच्या पोराच्या हाताचं रगत तरी वाळू द्या!"

आक्कानं फरशीवरची भाकरी उचलली, पदरानं पुसली. "उद्या परत आणते," म्हणाली.

आणि आणली. रोज आणली. आधी एसटी, मग रिक्षा, हातात भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा. तिसऱ्या आठवड्यात विठाबाईनं त्यातला घास तोडला.

"कशाला एवढं करता, आक्का?"

"मी बी गायकवाडाचीच लेक हाय. भीमा माझा भाऊ समज."

एकदा दोघी खाटेशी बसल्या असताना आक्कानं विचारलं, "तुझं माहेरचं नाव काय गं?"

"शिवबाई. लग्नात विठा ठेवलं."

"शिवबाई म्हणून कोण हाक मारतं?"

"आई होती तवर मारायची."

"बायकांचं असंच," आक्का म्हणाली आणि डबा विसळायला उठली.

भीमाला बोलता येऊ लागलं तेव्हा तो पहिलं तेच बोलला. "आक्का, देवाशप्पत, म्या अर्ज केला न्हाई."

"ठाव हाय मला," आक्का म्हणाली आणि त्याच्या ओठाला पाणी लावलं.

विठाबाईचा मात्र विश्वास बसला नाही. लेक गेल्यापासून हा माणूस तासन् तास पडक्या टाकीशी बसायचा. आपल्याला काळजी नको म्हणून चोरून केला असणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला नवऱ्याचा अभिमान वाटला.

अर्जाचं उत्तर टपालानं भीमाच्याच घरी आलं. त्या नावाचा गावात तो एकटा. ठेका सरपंचाच्या मेव्हण्याच्या नावावर होता. कागदावरच्या निम्म्या सळयासुद्धा टाकीत पडल्या नव्हत्या.

विठाबाई सोडली तर मारहाण कुणीच पाहिली नव्हती म्हणे. गावातून कोर्टात एकटी आक्का उभी राहिली.

"मारलं माझ्या पोरानं. म्या बघितलं."

"आई!" दिग्विजय ओरडला. तिनं वळून पाहिलं नाही.

दिग्विजयला सात वर्षांची सजा झाली. तो अजून आत आहे. बसू जामिनावर सुटला तो कर्नाटकात पळाला आणि तिकडंच एका भांडणात भोसकला गेला. ग्रामसेवकाची बदली झाली. भीमाला गावोगावी शाल-नारळ मिळाले. दरवेळी तो माइकवर सांगायचा, "अर्ज म्या केला नव्हता." लोक म्हणायचे, काय विनयी माणूस! आणि टाळ्या वाजवायचे. विठाबाई सरपंच म्हणून निवडून आली. नव्या टाकीला तिनं लेकीचं नाव दिलं.

आक्का गेल्या हिवाळ्यात गेली. सुनेनं तर कोर्टाच्या दिवसापासून अबोला धरला होता, म्हणून शेवटची अंघोळ विठाबाईनंच घातली. चेपलेली पितळी घागर माळ्यावर होती, तीच खाली काढून तिनं पाणी भरलं.

तिरडी उचलायच्या आत मोहोळकडून आक्काचा धाकटा भाऊ येऊन पोचला. काठी टाकून म्हातारा खाली बसला, तिचा चेहरा त्यानं दोन्ही हातांत धरला आणि तिच्या माहेरच्या नावानं हंबरडा फोडला.

"भीमाक्का! आगं भीमाक्का, ऊठ की गं!"