आईचा दुभाषा

आई आतल्या खोलीत टॅबलेटशी बोलत होती आणि गुंड्या दाराबाहेर कान लावून उभा होता. चाळिशी उलटलेला माणूस, उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि स्वतःच्याच घरात चोरासारखा.

"माझ्या पोटात दुखतं," आई त्या परक्या भाषेत म्हणाली. टॅबलेटमधल्या बाईंनी तेच वाक्य सावकाश म्हणून दाखवलं. आईने पुन्हा म्हटलं. टिंग करून घंटी वाजली, म्हणजे बरोबर.

गुंड्याने कान दाराला आणखी घट्ट चिकटवला.

टॅबलेट त्यानेच आणून दिला होता. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. वडील गेल्यावर तो आईला या देशात घेऊन आला. इथली भाषा तिला ओ की ठो कळत नव्हती. दिवसभर एकटी बसून कंटाळेल बिचारी, म्हणून हा भाषा शिकवणारा टॅबलेट.

"यातल्या बाई फार गुणी हो," आई म्हणायची. "कितीदा चुकलं तरी चिडत नाहीत. तुझा अभ्यास घेताना माझ्यात एवढा धीर नव्हता बाबा."

मग आई आजारी पडली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई बोलायच्या आणि गुंड्या ते आईला मराठीत सांगायचा. पहिल्याच खेपेला त्या म्हणाल्या, गाठ पसरली आहे, ऑपरेशन होणार नाही, फार तर वर्षभर. गुंड्याने आईला सांगितलं, पोटात सूज आहे, गोळ्यांनी उतरेल. एकदा तोंडातून गेलं ते गेलं. मग दर खेपेला त्या खोट्याला नवं ठिगळ लावत बसणं आलं.

"सांगून टाक एकदाचं," बायको म्हणाली.

"आणि तिने हाय खाल्ली तर? हसतेय, चार घास खातेय, तेवढं तरी राहू दे."

आणि आता बाईंनी नेमका दवाखान्याचा धडा काढला होता. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई तोंड उघडतील आणि आईला थेट कळेल.

आई अंघोळीला गेल्यावर त्याने टॅबलेट उघडला. तिचा सगळा अभ्यास पुसला आणि तिला पहिल्या धड्यावर नेऊन बसवलं. आईच्याच ताटातला घास काढून घेतल्यासारखी लाज वाटली त्याला. पण केलं.

"अरे, बाईंना काय झालंय कोण जाणे," संध्याकाळी आई म्हणाली. "मला परत कुत्रा-मांजर शिकवायला लागल्यात."

"यंत्र आहे आई. बिघडतं कधीकधी."

"मग दुरुस्त कर की."

"मला लिफ्टमधलं कळतं. यातलं नाही कळत."

"बरं," म्हणून आईने कानाला हेडफोन लावले आणि मुकाट्याने कुत्रा-मांजर घोकायला बसली. एवढ्या महिन्यांत शिकलेलं विसरल्यासारखी चुकतही होती. गुंड्याला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याचं वाईटही वाटलं.

वाचनालयात म्हाताऱ्यांसाठी भाषेचा वर्ग भरायचा, त्याला मात्र ती जातच राहिली. तिथेही असेच टॅबलेट होते, म्हातारी माणसं हेडफोन लावून बसायची. बायकोने तशी आठवण करून दिली तेव्हा गुंड्याने ती उडवून लावली. "तिथे कसला अभ्यास? गप्पा आणि बिस्किटं."

दवाखान्याचा दिवस उजाडला. गुंड्याला सकाळपासून पाण्याचा घोटही जात नव्हता. आई मात्र नीट केस विंचरून, नवी शाल घेऊन, लग्नाला निघाल्यासारखी तयार.

डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट तपासलं, पडद्यावर काहीबाही पाहिलं. मग गुंड्याकडे वळून म्हणाल्या, "फारसा फरक नाही. वर्षभर आहे असं धरून चला. त्यांना आवडेल ते करू द्या."

गुंड्याने जीव मुठीत धरून आईकडे पाहिलं. आई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

"काय म्हणतात रे?"

"सूज उतरतेय म्हणतात. गोळ्या चालू ठेवायच्या."

"मग बरं झालं की. उगाच तोंड पाडून बसला होतास सकाळपासून."

गुंड्याने श्वास सोडला. वर्षभर. मागच्या खेपेलाही त्या वर्षभरच म्हणाल्या होत्या, त्याच्या आधीच्या खेपेलाही. म्हणजे दुखणं आहे तिथेच थांबलंय. या एवढ्याशा हिशेबावर तो रात्री डोळे मिटत होता.

"तू बस, मी खालून गोळ्या घेऊन येतो," असं दर खेपेसारखं म्हणून तो निघाला. लिफ्टपाशी पोचल्यावर लक्षात आलं, औषधांची चिठ्ठी टेबलावरच राहिली. घाबरलेल्या माणसाचं असंच होतं. तो माघारी फिरला.

दार अर्धवट उघडं होतं. आत कोणीतरी इथल्या भाषेत बोलत होतं, अडखळत, पण एकेक शब्द सुटा. नर्स असेल असं आधी त्याला वाटलं. मग आवाज ओळखून तो जागीच खिळला.

"तुम्ही सांगितलंत म्हणून मी दरवेळी तुमच्या मुलाला वर्षभर म्हणते," डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. "पण आता फार तर महिना उरलाय. त्यांना कळायला हवं."

"नको," आई म्हणाली. "वर्षभरच म्हणा. लहानपणापासून हळवा आहे तो, त्याला खरं सोसायचं नाही."