उरलेली मांडी

कल्पना करा, बाळांनो, तुमच्या हक्काच्या मांडीवर दुसरंच कुणी येऊन बसलं तर? सात वर्षांच्या शाल्मलीचं तसंच झालं होतं. मावशीच्या पोटात बाळ टिकत नव्हतं, म्हणून मावशीचं बाळ शाल्मलीच्या आईच्या पोटात वाढत होतं. आता घरात आलेले अंजीरसुद्धा पोटासाठीच असत. शाल्मलीची त्या पोटाशी कट्टी होती.

आज डोहाळजेवण होतं. फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली मात्र मावशी. बायका तिचीच ओटी भरत होत्या. आई सुजलेले पाय घेऊन दाराशी खुर्चीवर बसली होती.

"आजी, पोट तर आईचं मोठं झालंय!"

"अगं, बाळ मावशीचं. मग मानही तिचाच नाही का?"

शाल्मलीला आता बाळापेक्षा मावशीचा जास्त राग आला. आई हसत होती, पण तिचा हात पोटावरून हलत नव्हता.

शाल्मलीने परातीतला नारळ आणि मूठभर तांदूळ उचलून आईच्या पदरात घातले. मग उरलेल्या इवल्याशा मांडीवर चढत ती पोटाला म्हणाली, "सरक जरा. मला बसू दे."