मुकीचा दाखला

“ऑटिझमला इथं रकानाच नाही, बाई.” डॉक्टरांनी नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी मंदाबाईकडे परत सरकवली. “आंधळी, बहिरी, मुकी, मतिमंद. यातलं काय लिहू?”

२००१ साल, वर्ध्याची अपंग तपासणी. दाखला मिळाला तर मंदाबाईच्या लेकीचा, अंजूचा पगार सुरू होणार होता. निराधारांच्या मदतीला इकडे पगारच म्हणतात, जसं काही माणूस नोकरीलाच लागलाय!

मंदाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तानबाचं जाम गावच्या चौकात पंक्चरचं दुकान होतं. साहेबांपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. शेवटी तीच म्हणाली, “मुकी लिवा साहेब. अकरा वर्साची झाली, मले एकडाव आई नाई म्हनलं.”

यात खोटं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी कानामागे टाळी वाजवली, नाव विचारलं, लिमलेटची गोळी दाखवली. अंजू आपली वेणीची रिबीन बोटाला गुंडाळत बसली. डॉक्टरांनी दाखला लिहिला आणि शिक्का आणायला शिपायाला घंटी मारली.

घंटी ऐकताच अंजूनं रिबीन सोडली. हात जोडले, डोळे मिटले.

“देवा, माह्याआधी हिले ने.”

आवाज हुबेहूब मंदाबाईचा. घरात देवाची घंटी दोनदा वाजायची. सकाळी ती पाण्याला गेली की तानबाची, आणि तो दुकानावर गेला की तिची. पोरीला काय कळतं, म्हणून ती मोठ्यानं बोलायची. आज पोरीला वाचा फुटली, आणि फुटली ती अशी!

“साफ बोलते की हो!” डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. “मुकीचा दाखला कसा देऊ?”

दाखला गेला हे मंदाबाईला कळलं, पण तिला धास्ती नवऱ्याची होती. “अवो, मी वाईट मनानं नाई म्हनत...” ती पुटपुटली. तानबा खाली मान घालून उभा होता.

तेवढ्यात अंजूनं घसा खाकरला. तानबा पूजेला बसताना खाकरतो तसा. मग जाडाभरडा आवाज आला,

“देवा, आमच्याआधी हिले ने.”

मंदाबाईनं तानबाकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.

“बघ,” शिक्का घेऊन आलेल्या शिपायाला डॉक्टर कौतुकानं म्हणाले, “वाक्यसुद्धा बदलून बोलते.”