नाडीची पेटी

नाडीने उंदीर गिळला. पाच आठवडे अन्नाकडे ढुंकूनही न बघणारी ती काटकुळी कॉर्न स्नेक जातीची पाळीव सापीण आज चिमट्याच्या टोकावर झेपावली आणि बघता बघता उंदराची शेपटीसुद्धा दिसेनाशी झाली.

"गिळला! अगं, गिळला!" ताई अशी काही ओरडली की आरशासमोर उभे असलेले डॉक्टर दचकले आणि काखेतली टाचणी त्यांना टोचली.

डॉक्टर जनावरांचे. ताईच्या शिवणकामाच्या दुकानात कोटाच्या दुसऱ्या ट्रायलला आले होते आणि दोन्ही हात पसरून उभे होते. आठवड्यापूर्वी पहिल्या ट्रायलला त्यांनीच सांगितलं होतं, की मोठी दोरी आणि ही नाडी या दोघी सापिणींना एका पेटीत ठेवू नका. तेव्हा ताईने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. "अहो, अंगावर अंग टाकून झोपतात त्या! इतका जीव आहे एकमेकींवर. तुम्हाला काय कळतंय?" मग डॉक्टरांना खोटं पाडायचं म्हणून तिने बटणांची काचेची मोठी पेटी रिकामी केली, झाकणाला भोकं पाडली, खाली गरम पट्टी बसवली आणि एका दुपारात नाडीचं वेगळं घर उभं केलं. एकदा मनावर घेतलं की ताईला आवरणं कोणाच्या बापाला जमत नसे.

आता मात्र हा शोध तिचाच होता.

"एकत्र ठेवायच्याच नसतात मुळी," डॉक्टरांच्या बाहीवर खडूने रेघ ओढत ती डॉक्टरांनाच समजावू लागली. "प्रत्येकीला आपली ऊब, आपलं पाणी, आपला कोपरा. साधी गोष्ट आहे. पण लोकांना कळत नाही, त्याला काय करणार?"

"काय करणार," डॉक्टर म्हणाले. अंगभर टाचण्या असताना वाद घालू नये, एवढं त्यांना कळत होतं.

काजाच्या टेबलाशी बसलेली धाकटी बहीण एरवी खुदकन हसली असती. आज हसली नाही. तिच्या खिशात एका नाटक कंपनीची चिठ्ठी होती. कपडेपटात कपडे बेतून शिवणारी बाई हवी आहे, वरच्या मजल्यावर राहायला खोली आहे, यायचं असेल तर आज दुपारी बारापर्यंत फोन करा. साडेअकरा होऊन गेले होते.

एकोणीस वर्षं ती ताईच्या दुकानात काजं करत होती, बटणं लावत होती, तुरपाई घालत होती. कापड बेतायची ताई, मशीनवर बसायची ताई. ताई बाजारात गेली की चोरून शिवलेला एक झगा तिने कंपनीवाल्यांना दाखवला होता आणि तो त्यांना फार आवडला होता. ताईने तिला कधी काही कमी पडू दिलं नव्हतं. म्हणूनच तर तोंड उघडत नव्हतं. गेले आठ दिवस तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"पण दोरी नाडीला करत तरी काय होती, डॉक्टर?" तिने विचारलं. "चावायची?"

"छे हो. चावली नाही, काही नाही. ऊब होती एकाच जागी. मोठी तिथे पसरायची, मग ही बिचारी जमेल तशी तिच्या अंगावर चढून ऊब मिळवायची. त्या ओढाताणीत भूक मेली हिची. आपल्याला आपलं वाटतं, किती माया आहे."

"मोठीला कळलं असेल का, हिला त्रास होतोय ते?"

"तिला कशाला कळेल? तिला ऊब मिळतच होती."

धाकटीने सुई उशीत खोचली.

"ताई, मी जातेय."

"दोरा संपला? येताना अस्तराचंही बघ."

"नाटक कंपनीत जातेय. कपडेपटात काम मिळालंय. राहायला खोलीही देतायत."

ताईचा खडू थांबला. डॉक्टर निमूटपणे छताकडे बघू लागले.

"इथे काय कमी आहे तुला?"

"काही नाही."

"मी कधी टोचून बोलले?"

"नाही गं. कधीच नाही."

"मग?"

धाकटीला रडू येत होतं, पण आवाज कापला नाही. त्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"मला बेतायचंय, ताई. तू शेजारी असलीस की माझा हात कात्रीकडे जातच नाही."

ताईने खडू खाली ठेवला. पेटीशी जाऊन ती नाडीकडे बघत उभी राहिली. पोटाशी फुगलेली नाडी आपल्या गरम कोपऱ्यात ऐसपैस पसरली होती. ताईच्या तोंडाला कुलूप लागलेलं आजवर गल्लीत कोणी पाहिलं नव्हतं. ते भाग्य आज डॉक्टरांच्या वाट्याला आलं.

"हात खाली घेऊ का?" त्यांनी हळूच विचारलं.

"घ्या," ताई म्हणाली. मग नाक ओढून तिने आवाज नेहमीसारखा केला. "त्या खोलीच्या खिडकीचं माप आण. पडदे मी शिवून देते."

"पडदे मी शिवणार."

"कापड वाया घालवशील."

"घालवीन," धाकटी म्हणाली आणि तिने फोन उचलला.