टेकडीमागे सोडलेली कुत्री

“शहरातली सगळी मोकाट कुत्री आम्ही निर्बीजीकरण केंद्रात नेली,” शाल-श्रीफळ स्वीकारून आरोग्य निरीक्षक सोहनी म्हणाले. नगरपालिकेच्या सभागृहात टाळ्या कडाडल्या.

तेवढ्यात मेंढपाळ झेलूबाई शिंगाडे आत शिरली. केंद्राला तर कुलूपच होतं. पालिकेच्या गाडीनं कुत्री टेकडीमागे, तिच्या मेंढवाड्याजवळ सोडली होती. त्या उपाशी कुत्र्यांनी पहाटे तिचं कोकरू फाडलं. भाकरी दाखवून तिनं ती टेम्पोत चढवली आणि इथं आणली.

“साहेब, तुमची कुत्री माघारी आणल्यात.”

“आमची कशावरून?” सोहनी हसले. “नाव लिहिलंय का त्यांच्यावर?”

बाहेर तिच्या भावानं टेम्पोचं मागचं दार उघडलं. कुत्री उड्या टाकून आपापल्या गल्लीकडे पळाली. फाटकासमोरच्या चहावाल्याची आनंदी आरोळी सभागृहात ऐकू आली, “काळ्या, आलास व्हय रं!”

एकच हशा पिकला. सोहनींनी घाईनं पुढचा सत्कार पुकारायला सांगितलं आणि ते खुर्चीत बसले.

झेलूबाई हसली नाही. घोंगडीतून तिनं मेलेलं कोकरू काढलं आणि सोहनींच्या मांडीवरच्या शालीवर ठेवलं.

“सत्कार तुमचा, शाल तुमची,” ती म्हणाली. “मग हेबी तुमचंच.”