मैत्रीचा तास

थोरलीला मुलगा झाला, त्या वर्षीची गोष्ट. ‘मावशी झालीस’ हे सांगायला सुताराने धाकटीला फोन लावला. दोन दिवस लावत राहिला. गुरुवारी कामावरून उठला आणि हत्यारांची पिशवी खांद्याला तशीच ठेवून थेट तिच्या वसतिगृहात आला.

“आतून कडी आहे. हाका मारून घसा सुकला. दार तोडा,” तिच्या खोलीपाशी जाऊन खाली आलेला तो रेक्टरबाईंना म्हणाला.

रेक्टरबाई हसल्या. “अहो काका, मुली रुसतात. काल संध्याकाळी मैत्रीच्या तासाला हजर होती की ती!”

हा तास कॉलेजने त्याच वर्षी काढला होता. कुणी एकटं पडू नये म्हणून मुलींचे गट पाडले होते. एक जरी गैरहजर राहिली, तरी अख्ख्या गटाचे गुण कापायचे. म्हणजे मुली एकमेकींना धरून राहतील, असा मोठ्या डोक्यांचा हिशेब.

“कुणी पाहिलं तिला?”

बाईंनी गटातल्या मुलींना बोलावलं. त्या एकमेकींना कोपराने ढोसत जिन्यापाशी उभ्या राहिल्या.

“काल आली होती ना गं ती?”

“हो मॅडम.”

“कशी दिसते माझी पोर?” सुताराने विचारलं. “उंच की बुटकी? चष्मा आहे का तिला? सांगा ना!”

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी एकजण पुटपुटली, “काका, तिची हजेरी मी दिली. नाक दाबून, आवाज बदलून. दर वेळी कुणीतरी देतंच. नाहीतर आमचे गुण जातात.”

“आणि ती?”

“पहिल्या तासाला आली होती. कोपऱ्यात बसली होती. कुणी बोललंच नाही तिच्याशी.”

सुतार दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

“काका, दार कॉलेजचं आहे!” रेक्टरबाई मागून ओरडल्या.

“दार तुमचं. पोर कुणाची?” असं म्हणून त्याने पटाशी फटीत घातली.

चौकट कडाडली. मुली दारातच थबकल्या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी तिचा चेहरा नीट पाहिला तो तेव्हाच.

डॉक्टर आले, वाकले, सरळ झाले. सुताराची धाकटी मुलगी बुधवारी पहाटेच तापाने गेली होती. भिंतीपलीकडच्या खोलीत तिच्याच गटातल्या दोघी झोपलेल्या असताना.